पोरक्या पिल्लाचें पोट

जून महिन्यांत शाळा उघडते, आणि तिच्याबरोबर एक ठराविक प्रश्नही आमच्या वर्गांत येतो. लाकडाच्या वखारींत, गवताच्या गंजींत किंवा बंद पडलेल्या मोटारीखालीं सांपडलेलें मांजराचें पिल्लूं कोणीतरी विद्यार्थी दप्तरांत घालून आणतो आणि "सर, याला काय द्यावें?" असें विचारतो. या प्रश्नाचें उत्तर मिळण्यापूर्वींच दुसरा कोणी धांवत जाऊन वसतिगृहाच्या भोजनगृहांतून वाटीभर दूध घेऊन आलेला असतो. दोन दिवसांनीं तेंच पिल्लूं ढाळ लागून निपचित पडल्याची वार्ता येते. मुलांची कळकळ खोटी नसते. परंतु ज्या पोटांत एका वेळीं चहाचा एक चमचाही जेमतेम मावतो, त्या पोटाशीं व्यवहार करतांना कळकळीबरोबर मोजमापही लागतें. आणि तें कसें ठेवावें हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम तें पिल्लूं खरोखर पोरकें आहे काय, हें पाहावें. मांजरी आपल्या पिल्लांना सात घरें दाखविते असें आपल्याकडे म्हणतात. सात हा आंकडा बाजूला ठेवला तरी त्या म्हणण्यांत तथ्य आहे. ओल आली, वर्दळ वाढली, किंवा जागा असुरक्षित वाटली कीं मांजरी एकेक पिल्लूं मानेला धरून दुसरीकडे नेते. ती एकाला घेऊन गेली असतां मागें राहिलेलें पिल्लूं आपल्या दृष्टीस पडतें, आणि आपण त्याला अनाथ समजून उचलतों. पिल्लूं उबदार असेल, पोट भरलेलें दिसत असेल व तें शांत झोंपलें असेल, तर दूर उभें राहून दोन-तीन तास वाट पाहावी. माणसाचा हात लागला कीं मांजरी पिल्लाला टाकते ही समजूत बहुधा खरी ठरत नाहीं. तेव्हां चुकून उचललें गेलें असल्यास परत त्याच जागीं नेऊन ठेवण्यास संकोच करूं नये. आईच्या दुधापुढें आमची सारी विद्या फिकी आहे.

तें पोरकेंच आहे अशी खात्री झाली, तर दुधाच्या आधीं ऊब द्यावी. हा क्रम पुष्कळांना उलटा वाटतो. पिल्लूं रडतें म्हणजे त्याला भूक लागली असेल, असें आपण गृहीत धरतों. परंतु नवजात पिल्लाला आपल्या शरीराची उष्णता स्वतः राखतां येत नाहीं, आणि अंग गार पडलें कीं त्याच्या आंतड्यांची हालचाल मंदावत जाऊन जवळजवळ थांबते. अशा पोटांत गेलेलें दूध पचत नाहीं. तें तेथेंच आंबतें, पोट नगाऱ्यासारखें फुगतें, आणि दूध उलटून श्वासनलिकेंत गेलें तर फुफ्फुसांना सूज येऊन पिल्लूं दगावतें. शरीराचें तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खालीं असेल तर दुधाचा थेंबही देऊं नये. गरम पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे फार ऊन लागल्यास पिल्लाला दुसऱ्या बाजूला सरकतां येतें. ऊब हळूहळू, तासा-दीड तासांत चढूं द्यावी.

आतां दुधाविषयीं. मांजर डोळे मिटून दूध पितें, या म्हणीनें आपल्या मनावर इतका पगडा बसविला आहे कीं, दूध हेंच मांजराचें नैसर्गिक अन्न, मग तें कोणाचें कां असेना, असें आपण समजतों. मांजराला दूध आवडतें यांत शंका नाहीं. पण आवडणें आणि पचणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृहांत परतलेल्या विद्यार्थ्यांना निराळें सांगावयास नको. मांजरीच्या दुधांत शंभर भागांत सुमारें ७ भाग प्रथिनें असतात. गाईच्या दुधांत तीं याच्या निम्म्याहून कमी भरतात. म्हशीच्या दुधांत प्रथिनें किंचित् अधिक असतात, आणि स्निग्धांश ७ भागांच्या घरांत जातो. शेळीचें दूध चालतें असें पुष्कळ ठिकाणीं सांगतात. परंतु त्यांतील प्रथिनें गाईच्या दुधाइतकींच असल्यानें मोठासा लाभ होत नाहीं. शिवाय गाई-म्हशींच्या दुधांतील दुग्धशर्करा पिल्लाच्या पाचकरसांना पुरती फोडतां येत नाहीं. न पचलेली शर्करा मोठ्या आंतड्यांत उतरते, तेथील जंतु तिला आंबवितात, ती आपल्याकडे पाणी ओढून घेते, आणि ढाळ सुरू होतात. दुधांत पाणी घातल्यानेंही काम भागत नाहीं, कारण मुळांत अपुरीं असलेलीं प्रथिनें त्यामुळें आणखी पातळ होतात.

यावर उपाय म्हणजे मांजरपिल्लांसाठीं मुद्दाम तयार केलेली दूधभुकटी. मोठ्या गांवांतील औषधांच्या दुकानांत व पाळीव प्राण्यांचें साहित्य विकणाऱ्यांकडे ती मिळते. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणांतच ती कालवावी. "जरा घट्ट केली तर अधिक सकस होईल" हा विचार मनांतून काढून टाकावा. घट्ट दुधानें कोणाला मलावरोध होतो, तर कोणाला ढाळ लागतात. दूध अंगाइतकें कोमट असावें, आणि एका दिवसापुरतेंच कालवून थंड पेटींत ठेवावें.

किती द्यावें, याचा हिशेब वजनावर आहे. नुकतें जन्मलेलें पिल्लूं सुमारें १०० ग्रॅमचें असतें. त्याच्या पोटांत एका वेळीं ४ मिलिलिटरच्या आसपास दूध मावतें, आणि दिवसभरांत दर १०० ग्रॅम वजनामागें सुमारें २० मिलिलिटर लागतें. पहिल्या आठवड्यांत दर दोन-तीन तासांनीं, रात्रींदेखील, पाजावें लागतें. तिसऱ्या आठवड्यांत चार-पांच तासांचें अंतर चालतें. सुई काढलेल्या पिचकारीनें किंवा लहान बाटलीनें, पिल्लाला पोटावर ठेवून पाजावें. माणसाच्या तान्ह्या मुलासारखें उताणें धरून कधींही पाजूं नये, व पिचकारी जोरानें दाबूं नये. पाजून झाल्यावर ओल्या कोमट कापसानें शेपटीखालीं हलकेच पुसावें. हें काम मांजरी जिभेनें करीत असते. त्यावांचून तीन आठवड्यांपर्यंतच्या पिल्लाला मलमूत्रविसर्जन करतां येत नाहीं, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

पोट बिघडलें आहे किंवा नाहीं, हें विष्ठा पाहून कळतें, आणि सांभाळ करणाराला ती पाहण्याची किळस सोडावी लागते. दूधपित्या निरोगी पिल्लाची विष्ठा पिवळसर, मऊ, पण आकार धरणारी, घट्ट पिठल्यासारखी असते. (ही उपमा भोजनाच्या वेळीं आठवूं नये, पण ती अचूक आहे.) ती पिवळीच राहून पातळ झाली, तर बहुधा दूध जास्त होत आहे. हिरवट झाली, तर अन्न आंतड्यांतून इतक्या घाईनें जात आहे कीं पित्ताचा रंग बदलण्यासही अवधि मिळत नाहीं. करडी किंवा पांढरट, फाटलेल्या दुधासारखी दिसूं लागली, तर अन्न मुळींच पचत नाहीं असें समजून त्याच दिवशीं पशुवैद्याकडे जावें. रक्त दिसल्यास एक तासही दवडूं नये.

एवढी घाई कां, असें कोणी विचारील. याचें उत्तर साध्या त्रैराशिकांत आहे. १५० ग्रॅम वजनाच्या पिल्लाच्या अंगांतून १५ ग्रॅम पाणी गेलें, म्हणजे तीन चमचे गेलें. तीन चमचे आपल्या डोळ्यांना कांहींच वाटत नाहींत. पण तो त्या पिल्लाच्या वजनाचा दहावा हिस्सा झाला. साठ किलोच्या माणसाच्या अंगांतून सहा किलो पाणी जावें, तसेंच हें. खोक्यांतल्या फडक्यावर दोन-तीन ओले डाग पडतात तेवढ्यांत एक जीव संकटांत आलेला असतो. मोठ्या जनावराची कातडी चिमटींत धरून पाणी कमी झाल्याची परीक्षा करतात. ती इतक्या लहान पिल्लांत भरंवशाची नाहीं. हिरड्या कोरड्या व चिकट लागतात काय, आणि मूत्र गडद पिवळें झालें आहे काय, हें पाहावें. तान्ह्या पिल्लाचें मूत्र जवळजवळ रंगहीन असावयास पाहिजे.

येथें शास्त्राच्या इतिहासांतील एक प्रसंग सांगणें अवश्य आहे. १९७१ सालीं बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळीं पश्चिम बंगालमधील बनगांव येथें निर्वासितांच्या दाटींत पटकीची साथ उसळली. शिरेंतून द्यावयाचें क्षारयुक्त पाणी संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लूकोज यांचें पाणी तयार करवून तें रोग्यांच्या नातलगांकरवीं तोंडावाटे पाजविलें. मृत्यूंचें प्रमाण सुमारें ३० टक्के होतें, तें ४ टक्क्यांच्याही खालीं उतरलें. यांतील रहस्य असें कीं, आंतड्याच्या अस्तरांत मीठ व ग्लूकोज हीं जोडीनें आंत घेतलीं जातात, आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी शिरतें. ढाळ चालू असतांनाही हें द्वार उघडें राहतें. नुसतें पाणी पाजल्यानें हें साधत नाहीं. मनुष्याच्या आंतड्यांत जी ही व्यवस्था आहे तीच मांजराच्याही आंतड्यांत आहे, आणि म्हणूनच औषधाच्या दुकानांत मिळणारी जलसंजीवनीची पुडी आपल्या कामीं येते.

पुडी पूर्ण एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांतच विरघळवावी. अंदाजानें चिमूटभर घालूं नये. सौम्य ढाळ असतील तर एक दिवस अर्धें दूध व अर्धें हें पाणी, असें थोडथोडें पण अधिक वेळां पाजावें, आणि विष्ठा घट्ट होऊं लागली कीं क्रमाक्रमानें पूर्ण दुधावर यावें. साखरेऐवजीं कृत्रिम गोडी घातलेलें तयार पेय घेऊं नये. पोटाला विश्रांति म्हणून पिल्लाला उपाशी ठेवणें हा मोठा घात आहे. मोठ्या माणसाला एक दिवसाचें लंघन मानवतें. पिल्लाच्या यकृतांत साखरेचा सांठा इतका थोडा असतो कीं कांहीं तासांत रक्तांतील साखर उतरून तें लुळें पडतें. असें झाल्यास आधीं ऊब द्यावी, हिरड्यांवर साखरेच्या दाट पाण्याचा एक थेंब चोळावा आणि तांतडीनें दवाखाना गांठावा. दोन आठवड्यांच्या आंतील पिल्लाला ढाळ लागले तर त्याच दिवशीं, व त्याहून मोठ्याला एका दिवसांत उतार पडला नाहीं तर, पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. तोंडानें घेणें अशक्य झालेल्या पिल्लाला तो कातडीखालीं द्रव देऊं शकतो. घरीं बसून तें साधत नाहीं.

घरगुती औषधांविषयीं मला थोडें कठोरपणें लिहावेंसें वाटतें. बाळघुटी उगाळून पाजणें, लसूण चाटविणें, माणसाची जुलाबाची गोळी चतकोर करून देणें, हे प्रकार मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांपैकीं एकाचेंही समर्थन करतां येत नाहीं. कांदा व लसूण मांजराच्या रक्तपेशींचा नाश करतात. ज्वर वाटला म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराला विष आहे. जीं द्रव्यें आपलें यकृत सहज निरुपद्रवी करतें, त्यांतील कांहीं द्रव्यांचा निकाल लावण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फार थोडी असते. याच कारणानें ढाळांची घाण फिनेलनें पुसूं नये. पिल्लूं त्या जमिनीवरून चालतें, मग पंजे चाटतें, आणि पोटाच्या दुखण्यावर आपणच दुसरें दुखणें चढवितों.

या सर्वांत अत्यंत उपयोगी हत्यार म्हणजे एक वही आणि स्वयंपाकाच्या जिनसा तोलण्याचा काटा. आमच्या वसतिगृहांतील नववीच्या एका विद्यार्थ्यानें गतवर्षीं एक पिल्लूं सांभाळलें, आणि तो रोज सकाळीं पाजण्यापूर्वीं त्याला एका डब्याच्या झांकणांत बसवून तोलीत असे. निरोगी पिल्लूं रोज १० ते १५ ग्रॅम वाढावें. त्याच्या वहींत सोमवारीं २२० ग्रॅम, मंगळवारीं २३२, आणि बुधवारीं २३४ अशी नोंद होती. बुधवारीं पिल्लूं खेळत होतें, पीत होतें, विष्ठाही ठीक होती; इतर मुलांनीं त्याला हंसून वेड्यांत काढलें. तरीही त्यानें त्या दिवशीं दूध वाढविलें नाहीं, आणि जलसंजीवनीची पुडी आणून ठेवली. गुरुवारीं वजन २२८ झालें व सायंकाळीं ढाळ सुरू झाले. आंकड्यानें दीड दिवस आधीं जें सांगितलें, तें डोळ्यांना दिसलें नव्हतें. शनिवारीं तें पुन्हां २३५ वर आलें. पशुवैद्यानेंही प्रथम ती वहीच पाहावयास मागितली.

सगळेच ढाळ दुधाचे नसतात. पोट फुगलेलें, पाठ मात्र हाडकुळी, आणि केंस निस्तेज, असें पिल्लूं दिसलें तर जंत समजावे. गोल जंतांच्या अळ्या मांजरीच्या दुधावाटेच पिल्लांत शिरतात. त्यामुळें घराबाहेर पाऊल न टाकलेल्या पिल्लांतही ते सांपडतात. जंतांचें औषध दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून, दर पंधरवड्यानें, वजनावर मोजून देतात. मात्रा पशुवैद्याकडूनच ठरवून घ्यावी. कॉक्सिडिया नांवाचे एकपेशीय जीव याहून सूक्ष्म असतात, व ते सूक्ष्मदर्शकाखालीं विष्ठा तपासल्यावांचून कळत नाहींत. दुर्गंधी, आंवयुक्त, पातळ विष्ठा चवथ्या आठवड्यानंतर दिसूं लागली तर त्यांचा संशय घ्यावा. बाहेर पडलेलीं त्यांचीं बीजें संसर्ग करण्याजोगीं होण्यास कांहीं अवकाश, बहुधा एखादा दिवस, लागतो. म्हणून रोजची वाळू त्याच दिवशीं बदलणें हा अर्धा उपचार होय. जंतांचीं अंडीं माणसालाही बाधक आहेत. तेव्हां पिल्लाला हाताळल्यावर साबणानें हात धुतल्याशिवाय घांस तोंडांत घालूं नये.

सर्वांत भयंकर रोग म्हणजे ज्याला इंग्रजींत पॅनल्युकोपेनिया म्हणतात तो. त्याचा विषाणु आंतड्याचें अस्तर व रक्तांतील पांढऱ्या पेशी यांचा एकदमच नाश करतो. आदल्या दिवशीं खेळणारें पिल्लूं दुसऱ्या दिवशीं वाटीवर मान टाकून बसतें, पण पीत नाहीं. ओकाऱ्या होतात, आणि मग ढाळ. आमच्या शाळेजवळच्या एका घरीं चार पिल्लांपैकीं तीन दोन दिवसांत गेलीं. त्या घरांतील लहान मुलीनें दोन महिन्यांनीं दुसरें पिल्लूं आणलें, तेंही त्याच वाटेनें गेलें. हा विषाणु घरांत वर्षभरही टिकून राहतो, हें त्या कुटुंबाला कोणी सांगितलें नव्हतें. साबण व फिनेल यांना तो दाद देत नाहीं. घाण आधीं धुऊन काढून, मग कपडे पांढरे करण्याचें ब्लीचचें पाणी एक भाग व साधें पाणी ३२ भाग, या मिश्रणानें जागा दहा मिनिटें भिजवावी, आणि नंतर स्वच्छ पाण्यानें धुवावी. ब्लीचमध्यें दुसरें कोणतेंही धुण्याचें द्रव्य मिसळूं नये. खोकें व फडकीं जाळून टाकावीं. या रोगावर लस आहे. ती सहा ते आठ आठवड्यांच्या वयांत सुरू करून पुढें तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें, चार महिन्यांचें होईपर्यंत देतात. घरीं आधींचें मांजर असल्यास नवें पिल्लूं दोन आठवडे निराळ्या खोलींत ठेवावें.

मलावरोधाविषयीं थोडक्यांत. दूध बदलल्यावर एखादा दिवस विष्ठा झाली नाहीं तर घाबरूं नये. कापसानें पुसणें वाढवावें, व दूध घट्ट होत नाहीं ना हें पाहावें. दोन दिवस उलटले, किंवा पोट कठीण लागून पिल्लूं कण्हूं लागलें, तर दवाखान्यांत न्यावें. एरंडेल पाजूं नये.

चवथ्या आठवड्याच्या सुमारास सुळे दिसूं लागले कीं घन अन्न सुरू करावें, आणि येथें पुन्हां एकदां पोट बिघडण्याचा काळ येतो. आपल्याकडे मांजराला दूधपोळी किंवा दूधभात घालण्याची जुनी चाल आहे. मांजर हा केवळ मांसभक्षक प्राणी आहे. पोळीनें त्याचें पोट भरतें, पण पोषण होत नाहीं. ज्यांच्या घरीं मांसमत्स्य चालत नाहीं त्यांनीं पिल्लूं आणण्यापूर्वींच याचा विचार करावा, आणि गरज पडल्यास तें दुसऱ्या वर्गबंधूकडे द्यावें. त्यांत कोणताही कमीपणा नाहीं. पिल्लांसाठीं मिळणारें तयार खाद्य दुधांत कालवून प्रथम बोटाएवढें द्यावें, व आठवडाभरांत दूध कमी करीत न्यावें. उकडलेली, हाडें काढलेली कोंबडी, मीठमसाल्यावांचून, आजारांतून उठलेल्या पिल्लाला दोन-चार दिवस चालते. परंतु तेवढ्यावर त्याला वाढवितां येत नाहीं. शौचासाठीं साधी वाळू किंवा कागदाचे तुकडे ठेवावे. ओल लागतांच गोळा होणारी बाजारी माती पिल्लें चाखून पाहतात, आणि ती पोटांत जाऊन बसते.

आठ आठवड्यांनीं पिल्लूं सुमारें ८०० ते ९०० ग्रॅमचें होतें व नव्या घरीं जाण्याजोगें होतें. नवें घर, नवा वास, नवें पाणी आणि त्यांत नवें अन्न, असें सर्व एकाच दिवशीं बदललें तर नीट झालेलें पोट पुन्हां बिघडतें. म्हणून त्याच्याबरोबर एक आठवडा पुरेल इतकें ओळखीचें खाद्य बांधून द्यावें, आणि वजनाची वहीही द्यावी. तिच्या शेवटच्या पानावर जंतांच्या औषधाची व लशीची पुढील तारीख ठळक अक्षरांत लिहिलेली असावी.